पार्टनर पडला तर भरपाई कुणाची?

महोदय,

स.न.वि.वि.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मी एकतीस वर्षं गोण्या वाहिल्या. शेवटची नऊ वर्षं टोळीचा मुकादम होतो. आमच्या मार्केटात पार्टनर म्हणजे गाळ्याच्या पाटीवर ज्याचं नाव असतं तो. माझा पुतण्या बाइकवरून घरोघरी जेवण पोचवतो, त्यालाही कंपनी पार्टनर म्हणते. पावसाळ्यात रात्री साडेअकराला कोपरखैरण्यात त्याची बाइक खड्ड्यात गेली आणि खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून पट्टी टाकली, सात आठवडे घरी बसला. विम्यासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं की अपघाताच्या वेळी हातात ऑर्डर नव्हती. खरंच नव्हती. पाकीट देऊन तो परत हॉटेलांच्या रांगेकडे निघाला होता. म्हणजे पाकीट पोचेपर्यंत तो कंपनीचा, पोचलं की खड्ड्याचा!

हे उत्तर वाचून मला आमच्या टोळीतला एक गडी आठवला. ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवरच्या गोणीसकट घसरला, मांडीचं हाड मोडलं. व्यापारी म्हणाला, ‘हमाल माझा नाही, टोळीचा आहे. आज माझ्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे.’ त्याचंही खोटं नव्हतं, आम्ही दिवसाला चार-चार गाळ्यांवर माल उतरवायचो. पण अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र करून दिलेल्या लढ्यातून १९६९ साली आमचा कायदा झाला होता. मालक एक नसला तरी नोंदणी त्या कायद्याखालच्या माथाडी बोर्डात, आणि मजुरीवर लेव्ही, म्हणजे बोर्डाकडे भरायची जादा टक्केवारी, व्यापाऱ्याची. शिवाय त्या कायद्यातलं एक कलम मला मुकादमकीत पाठ झालं होतं: नोंदणी झालेल्या हमालाला १९२३ चा नुकसानभरपाई कायदा लागू, आणि पगार बोर्ड देत असेल तर भरपाईपुरता बोर्डच मालक. गड्याला पैसे मिळाले. उशिरा मिळाले, चार खेपा घालाव्या लागल्या, पण हक्काचे मिळाले.

१९२३ च्या त्या कायद्यात कामगाराला मालकाची चूक सिद्ध करत बसायचं नव्हतं. काम करताना, कामामुळे अपघात झाला की मालकावर जबाबदारी. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च, तात्पुरतं अपंगत्व असेल तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, रक्कम थकवली तर १२ टक्के व्याज. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीत गिग कामगाराचं, म्हणजे पुतण्यासारख्या सुट्या कामावर कमावणाऱ्याचं, नाव पहिल्यांदा आलं, याचा आनंद झाला. वकिलाकडे काम करणाऱ्या भाचीकडून संहिता वाचून घेतली, तेव्हा तो ओसरला. भरपाईचं प्रकरण कर्मचाऱ्यांसाठी आहे. गिग कामगाराची व्याख्याच ‘मालक-कामगार या पारंपरिक नात्याबाहेर’ कमावणारा अशी, म्हणून तो त्या प्रकरणात बसत नाही. त्याच्यासाठी सरकार योजना आखू शकेल, कंपन्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरतील, तीही कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या आत. राजस्थानने २०२३ मध्ये आणि नंतर कर्नाटकाने कायदे केले, तिथेही मंडळ आणि निधी आहे. निधी नको असं मी म्हणणार नाही, आमचंही घर बोर्डावरच चाललं. पण योजना सरकारने आखली तर मिळते, आणि भरपाई कुणाच्या मर्जीवर नसते.

कंपनी म्हणते, पोरगं मनाला येईल तेव्हा लॉगिन करतं, मग ते नोकर कसं? आम्हीही सणाला गावी निघून जायचो. हजेरी मी वहीत लिहायचो, ती पुसट व्हायची, भांडणं व्हायची. पुतण्या कुठल्या मिनिटाला कुठल्या वळणावर होता हे कंपनीला माझ्या वहीपेक्षा कितीतरी चोख माहीत आहे.

म्हणून महाराष्ट्र सरकारकडे एवढंच मागणं आहे. गिग कामगारांसाठी राज्याचा कायदा करताना १९६९ चं ते कलम समोर ठेवावं: भरपाईपुरता हा कामगारच, आणि ॲप चालवणारा त्याचा मालक. लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा वेळ कामाचा धरावा, रिकाम्या परतीच्या फेरीसकट. एक ट्रक रिकामा होऊन दुसरा लागेपर्यंत आम्ही गोण्यांवर टेकून विडी ओढायचो, तेव्हा मी कुणाची हजेरी खोडली नव्हती.

– एक निवृत्त माथाडी मुकादम, घणसोली