प्लेट तपासायची तर स्क्रूसकट तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हाडांना जोडायच्या स्टीलच्या प्लेटांवर धातूचा लेप देण्याविषयीचा आपला लेख वाचला. मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं आणि माझ्याच घोट्यात दीड वर्ष अशी प्लेट होती. काढल्यावर ती मागून घेतली आणि भिंगाखाली धरली. पाठ लखलखीत, पण स्क्रूचं डोकं बसतं त्या भोकाच्या कडेला तपकिरी-काळं कडं आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे.

अशा प्लेटांसाठी वापरतात त्या ३१६एल या स्टेनलेस स्टीलला क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा जपतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. खरचटला तरी ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. स्टीलमधलं २ ते ३ टक्के मोलिब्डेनम खड्डे पडू नयेत म्हणूनच असतं. पण शरीरातला द्रव खारा, आणि स्क्रूखालच्या फटीत ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथे क्लोराइड साचतं, आम्लता वाढते. त्यात पावलागणिक धातूवर धातू घासतो, मग पापुद्र्याला सावरायला उसंत कुठली? तिथून स्टीलमधलं निकेल आसपासच्या पेशींत झिरपतं. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी ते का सोसावं?

म्हणूनच टायटॅनियम, टँटलम, नायोबियम यांचे लेप मला मनापासून पटतात. त्यांचा ऑक्साइड क्लोराइडला सहजी दाद देत नाही. मात्र लेखात एक गोष्ट राहून गेली. जस्ताचा लेप खरचटला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. टँटलमकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. लेपात बारीक छिद्र राहिलं तर सगळा मारा त्या छिद्रातल्या तेवढ्याशा स्टीलवर येऊ शकतो आणि गंज आत खोल उतरतो, वरून काही दिसतही नाही. असा सच्छिद्र लेप देण्यापेक्षा इलेक्ट्रोपॉलिश करून (विजेच्या साहाय्याने गुळगुळीत करून) नायट्रिक आम्लात नीट पॅसिव्हेट केलेलं, म्हणजे तो ऑक्साइडचा पापुद्रा पक्का करून घेतलेलं, साधं स्टील मी पत्करेन.

लेपाची चाचणी बऱ्याचदा सपाट तुकडा मिठाच्या पाण्यात स्थिर ठेवून होते. माझ्या प्लेटची पाठही त्या चाचणीत उत्तम ठरली असती! प्लेट स्क्रूंनी आवळून, हजारो वेळा भार देऊन, ३७ अंश तापमानाच्या खाऱ्या द्रावणात तपासायला हवी आणि नंतर स्क्रू काढून भोकाची कड बघायला हवी.

रुग्णाच्या कागदावर धातूचा आणि लेपाचा प्रकारही लिहून मिळावा. माझ्या कागदावर फक्त ‘प्लेट, सहा स्क्रू’ एवढंच होतं.

आपला,
धातुशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक