‘टँजरीन रीफ’ आधी बघा, मग बोला

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी इंडी बँडवर आलेला लेख मनापासून आवडला. ‘ॲनिमल कलेक्टिव्ह’ हे नाव मराठी वर्तमानपत्रात, तेही सिंधुदुर्गात घरपोच येणाऱ्या अंकात वाचायला मिळालं, याचा आनंद मोठा आहे. मात्र त्यांच्या ‘टँजरीन रीफ’ या अल्बमची लेखकाने दीड वाक्यात बोळवण केली आणि ‘चाहत्यांनीही तो नाकारला’ असं लिहून टाकलं. हे बरोबर नाही. चाहत्यांनी तो नाकारला नाही. त्यावरून ते भांडले आणि आजही भांडतात. मालवण, कुडाळ, सावंतवाडी इथल्या आम्हा मोजक्या श्रोत्यांमध्येसुद्धा या अल्बमचा विषय निघाला की आवाज चढतात.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे हे चौघे मित्र. मंचावर ते एव्ही टेअर, पांडा बेअर, जिऑलॉजिस्ट आणि डीकिन या नावांनी वावरतात. चौघे प्रत्येक वेळी एकत्र असतातच असं नाही. ज्याला जमेल तो अल्बममध्ये असतो, आणि ही मोकळीक त्यांनी पहिल्यापासून ठेवली आहे. २००९ साली आलेल्या ‘मेरीवेदर पोस्ट पॅव्हिलियन’ने त्यांना जगभर श्रोते मिळवून दिले. त्यात डीकिन नव्हता. पुढे २०१२ साली ‘सेंटिपीड हर्ट्झ’ आला, चौघे परत एकत्र आले, तरी तो फार गजबजलेला म्हणून निम्मे चाहते नाराज झाले. म्हणजे भांडणाची सवय या कुटुंबाला जुनीच.

‘टँजरीन रीफ’ १७ ऑगस्ट २०१८ रोजी आला. ते वर्ष आंतरराष्ट्रीय प्रवाळ वर्ष म्हणून पाळलं जात होतं आणि अल्बम त्या निमित्तानेच काढलेला. मायामीत ‘कोरल मॉर्फोलॉजिक’ नावाची जोडी आहे, एक सागरी जीवशास्त्रज्ञ आणि एक संगीतकार. ते जिवंत प्रवाळांचं अगदी जवळून चित्रीकरण करतात. निळ्या प्रकाशात प्रवाळ स्वतःच हिरवे, केशरी, जांभळे उजळतात आणि कॅमेरा त्यांच्यावरून इतका हळू सरकतो की हलतंय काय, प्रवाळ की आपली नजर, असा प्रश्न पडावा. त्या दृश्यांसाठी बँडने संगीत केलं. चित्रफीत आणि अल्बम एकच वस्तू आहे. तेरा तुकडे, पण मध्ये थांबा जवळजवळ नाहीच.

आता भांडण कशावरून, ते सांगतो.

पहिला आक्षेप पांडा बेअरचा. या बँडचा त्याच्याशिवाय झालेला हा पहिलाच अल्बम. ज्यांनी ‘मेरीवेदर’ त्याच्या आवाजासाठी ऐकला, एकावर एक रचलेल्या त्या गळ्यांसाठी ऐकला, त्यांना इथे घर रिकामं वाटतं. सावंतवाडीची माझी मैत्रीण याच पक्षातली. तिचं म्हणणं असं, की दोन गायकांचे स्वर एकमेकांना छेद देत जातात हीच या बँडची ओळख. त्यातला एक काढला तर दुसऱ्याने गुणगुणत बसू नये. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. एव्ही टेअरचा आवाज इथे घुमाऱ्यात इतका बुडवलाय की शब्द हाती लागत नाहीत.

दुसरा आक्षेप ठेक्याचा. कुडाळचा मित्र भजन मंडळात पखवाज वाजवतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवाने गजर कुठे चढवला, कोरस कुठे मागे पडला, हे तो झोपेतही सांगेल. त्याने अल्बम लावला, दहाएक मिनिटं ऐकला आणि विचारलं, “ह्येचो ठेको खंय आसा?” खरंच, ठेका नाही. ड्रमची चौकट नाही, कडवं-ध्रुवपद नाही, परत यायला सम नाही. ज्याचा कान सम शोधायला घडलाय त्याला हे संगीत वाऱ्यावर सोडतं. त्याला मी दोष देणार नाही. पण पुढे तो म्हणाला की हे कोणीही करेल, यंत्र चालू करून झोपलं तरी होईल. तिथे माझं त्याचं वाजलं.

तिसरा पक्ष, ज्यात मी आहे, चित्रफितीसकट बघणाऱ्यांचा. आमच्या मंडळींमध्ये एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ज्यांनी कामं करता करता, गाडीत, मोबाइलवर एक-एक तुकडा ऐकला, ते जवळपास सगळे नाराज. ज्यांनी खोलीत अंधार करून, बऱ्या स्पीकरवर, पडद्यासमोर बसून पूर्ण पाहिला, त्यांतले बरेच जण गप्प होऊन उठले आणि नंतर त्याबद्दल बोलत राहिले. तेव्हा भांडण पांडा बेअरवरून कमी आणि कोणी काय अनुभवलं यावरून जास्त आहे. दोन गट दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, आणि तुमच्या लेखकाने त्यातला एकच गट ‘चाहते’ म्हणून धरला.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा येतो, की अल्बम म्हटला तर तो कानावर उभा राहिला पाहिजे, डोळ्यांच्या कुबड्या कशाला? आपल्याकडे हा प्रश्न कोणी दशावतारी नाटकाला विचारतो का? दशावताराचं नुसतं ध्वनिमुद्रण घरी लावून बघा. हार्मोनियम, पखवाज, झांज ऐकू येईल, राजाचे संवाद ऐकू येतील, आणि तरी अर्धं काहीच हाती येणार नाही. मुखवटा घालून संकासुर आला, मागच्या रांगेतली पोरं ओरडली, ते कुठे ऐकणार? म्हणून दशावतार कच्चा ठरत नाही. ध्वनिमुद्रण अपुरं ठरतं.

बँडची चूक इथे मला दिसते आणि ती स्पष्ट सांगतो. २०१० साली त्यांनी ‘ऑडसॅक’ केला, डॅनी पेरेझ या दिग्दर्शकाबरोबर. त्याचं संगीत त्यांनी दृश्यांपासून वेगळं काढून विकलं नाही. ज्याला ऐकायचं त्याने बघितलंच पाहिजे. ‘टँजरीन रीफ’च्या वेळी मात्र तबकडी निघाली, सगळ्या संगीत-ॲपवर तेरा तुकडे सुटे सुटे टाकले गेले. मग लोक सुटं ऐकणारच. ‘ऑडसॅक’सारखं केलं असतं तर निम्मं भांडण झालंच नसतं. सावंतवाडीच्या मैत्रिणीला हा मुद्दा पटला. तिच्या मते यातून बँडचाच गोंधळ सिद्ध होतो. होत असेल.

आता मी हे मालवणातून का लिहितोय, तेही सांगायला हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत, हे बाहेरच्यांना स्नॉर्केलिंगच्या फलकांवरून कळतं. इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. आपले प्रवाळ जाहिरातीत दाखवतात तसे रंगीबेरंगी नाहीत. पाणी गढूळ, पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ येऊन मिसळतो, तरी ते तग धरून आहेत. चष्मा लावून तोंड पाण्यात घातलं की आधी फक्त हिरवट धुकं दिसतं. मग त्यातून तपकिरी गोल दगड वर येतो. जवळ गेल्यावर कळतं की दगडावर बारीक बारीक खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्यात एक जीव आहे. एका बाजूला गाळाचा थर, एका बाजूला पांढरा पडलेला हाताच्या पंजाएवढा डाग, आणि त्याच्या कडेला एक छोटा मासा आपली हद्द राखत फिरतोय.

आणि आवाज. पाण्याखाली शांतता असते असं समजणाऱ्याने एकदा कान बुडवून बघावं. सतत बारीक तडतड चाललेली असते. त्यातली बरीचशी चिमटा झटकन मिटून आवाज करणाऱ्या बारीक कोळंब्यांची. लांबून जाणाऱ्या होडीच्या इंजिनाची घरघर डोक्यात भरते, पण होडी कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. त्यामुळे दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो आणि दिशा कळायचं आपलं गणितच चुकतं. ‘टँजरीन रीफ’ ऐकताना हेच होतं. स्वर समोरून येत नाही, सगळीकडून येतो. खालचा घुमारा थांबत नाही. शब्द उमटतात आणि विरघळतात. कुडाळच्या मित्राला हे यंत्र चालू ठेवून झोपल्यासारखं वाटलं. मला वाटतं की हे करणाऱ्यांनी पाण्यात बराच वेळ काढलाय. समेची वाट बघायची सवय सोडायला मलाही वेळ लागला, पण ती सुटल्यावर या संगीताला स्वतःची चाल आहे हे ऐकू यायला लागलं. ती भरती-ओहोटीच्या गतीची आहे. मिनिटामिनिटाला तपासली तर हललेली दिसत नाही.

शेवटाआधीचा तुकडा ‘पॅलिथोआ’. हे एका प्राणिगटाचं शास्त्रीय नाव आहे. याचे नातलग आपल्याच किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडले की बघायला मिळतात, मऊ, बटणांच्या आकाराचे, एकमेकांना चिकटून पसरलेले. कालवं काढायला जाणाऱ्या बायका त्यांच्यावरून रोज चालतात. बाल्टिमोरच्या तिघांनी त्याच्यावर तुकडा बेतला आणि आपण तो ‘आकारहीन’ म्हणून बाजूला सारतो, याचं मला वाईट वाटतं.

अल्बममध्ये उणिवा आहेत. मधला भाग सैल आहे. दोन-तीन तुकडे एकाच जागी घुटमळतात, तिथे चित्रफीतही त्यांना वर ओढू शकत नाही. शब्द थोडे मोकळे सोडले असते तर बिघडलं नसतं. समीक्षकांनीही तेव्हा कोमट प्रतिसाद दिला, तो सगळाच अन्यायाचा नव्हता. पण २०२२ च्या ‘टाइम स्किफ्स’मध्ये चौघे परतले, चाली परतल्या, सगळे खूश झाले, आणि त्या आनंदात ‘टँजरीन रीफ’ला ‘मधला घोटाळा’ म्हणून मोडीत काढायची रीत पडली. तुमचा लेख त्याच रितीने गेलाय.

पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळ बाहेर टाकतो. रंग बराचसा तिचा असतो, अन्नही मोठ्या प्रमाणात तीच पुरवते. ती गेली की खालचा सांगाडा पांढरा दिसायला लागतो. लवकर थंडावा मिळाला तर तो सावरतो, नाही तर मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरचं चौथं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं. अभ्यासकांनी मालवणच्या प्रवाळांवरही विरंजन नोंदवलंय. त्यात पर्यटक प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात, नांगर त्यावर पडतात, ते वेगळंच. अशा किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने प्रवाळांसाठी केलेलं जवळपास तासाभराचं संगीत ‘ठेका नाही’ म्हणून बंद करावं, हे मला सहन होत नाही. आवडलं नाही तर नाही, पण पूर्ण बघून मग सांगा.

म्हणून एक विनंती. मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह आहे. तिथे मोठ्या पडद्यावर, चांगल्या ध्वनियंत्रणेसह, रीतसर परवानगी काढून ‘टँजरीन रीफ’ची चित्रफीत दाखवता येईल. आपल्या वर्तमानपत्राने पुढाकार घेतला तर आम्ही लागेल ते काम करू. यंत्रणा मात्र नीट हवी. यातले खालचे स्वर मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाहीत, आणि लग्नातल्या डीजेच्या खोक्यांतून आले तर फुटतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा ठेवलं तर होडीवाले आणि स्नॉर्केलिंगला नेणारी पोरंही येतील. त्यांचं मत मला समीक्षकांपेक्षा जास्त ऐकायचंय, कारण खालचं जग ते रोज बघतात.

या पत्राला उत्तर म्हणून कुडाळचा मित्रही आपल्याला लिहिणार आहे. ठेक्याबद्दल त्याला बरंच म्हणायचंय. जागेअभावी ते कापू नये, पूर्ण छापावं.

कळावे,
आपला एक वाचक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग