शिक्षा म्हणून गणितं नकोत : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दंगा केला म्हणून वीस गणितं जास्तीची, शब्द चुकला म्हणून तोच शंभर वेळा. छडीपेक्षा हे बरं, शिवाय अभ्यासही होतो, असं वाटतं. माझी हरकत नेमकी यालाच आहे.

शिक्षक-प्रशिक्षणात अभिसंधानाचा, म्हणजे अनुभवातून सवय किंवा भावना एखाद्या गोष्टीशी कशी जोडली जाते याचा, धडा असतो. खाण्याआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळणारा पाव्हलॉवचा कुत्रा एका प्रश्नात, खाणं मिळतं म्हणून कळ दाबायला शिकलेला स्किनरचा उंदीर दुसऱ्यात. वर्गात मात्र दोन्ही प्रकारचं शिकणं एकाच वेळी चालू असतं. शिक्षेने दंगा दबतो आणि त्याच क्षणी समोर जे असेल, वही, फळा, शिक्षकांचा आवाज, त्याला भीती चिकटते. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी वर्षाचंही नसलेल्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवत मागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटला. आधी उंदराला न घाबरणारं ते बाळ मग नुसता उंदीर पाहून रडू लागलं; सशालाही घाबरू लागलं. (असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि तेच बरं.) त्या सशाने बाळाचं काय बिघडवलं होतं? गणिताने तरी मुलाचं काय बिघडवलेलं असतं?

पुढचा भाग जास्त चिवट आहे. घाबरलेलं मूल गणित टाळतं. टाळलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. गणिताशी गाठच पडत नाही, मग त्यात घाबरण्यासारखं काही नाही हे कळणार कधी? आपण याला आळस म्हणतो आणि आणखी गणितं देतो.

दंगा तरी थांबतो का? एस्टिस या मानसशास्त्रज्ञाच्या 1944 च्या प्रयोगांत सौम्य विजेच्या झटक्यांनी उंदरांचं खाण्यासाठी कळ दाबणं काही काळच कमी झालं. झटके थांबल्यावर ते पुन्हा वाढलं.

उपायही जुनाच आहे. सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स आवडता खाऊ देत आणि ससा थोडाथोडा जवळ आणत. शेवटी मुलाने सशाला कुरवाळलं. हे त्यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलं.

म्हणून दोन मागण्या. कोणताही अभ्यास शिक्षा म्हणून देऊ नये, असा स्पष्ट नियम करा. आणि प्रशिक्षणात या धड्यावर लेखी प्रश्नाऐवजी प्रत्यक्ष वर्गाचं निरीक्षण ठेवा : आज या तासाला मुलांच्या मनात विषयाशी काय जोडलं गेलं, एवढंच भावी शिक्षकाने टिपून आणायचं.

आपला,
एक शिक्षक