अंगठी काढायला साबण मागणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही, हे तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत. नाही घालत. पण पत्र मात्र चारचौघांसमोर लिहिते आहे. बाबांच्या कपाटासमोर उभं राहून ज्यांनी नाक मुरडलं, त्यांच्याही वाचनात हे यावं अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला आवडलं नाही तर रविवारी बोला, ऐकून घेईन.

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि घर रिकामं करायला जेमतेम दोन महिने मिळाले. बाबांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. देव, पलंग, आईचं शिलाई मशीन, सगळं ऐरोलीच्या भाड्याच्या घरात मावणार होतं. अडलं होतं ते हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी. आत ११२ नग. चिनी मातीच्या कपबश्या, फुलदाण्या, रंगीत काचेचे पेले, अत्तरदाण्या, सगळ्यांत खाली एक प्रभाकर कंदील. बाबांनी ३६ वर्षांत एकेक करून आणलेले.

तुम्ही बाबांना पाहिलं नाहीत, म्हणून थोडं सांगते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. पगार बेताचा. विडी-सुपारीचंही व्यसन नाही. महिन्याकाठी एक फेरी चोरबाजारात, मटन स्ट्रीटला. पंचवीस-चाळीस रुपयांत एखादी बशी घ्यायची, ती शर्टाच्या आत छातीशी धरायची आणि गर्दीच्या लोकलने ठाण्याला आणायची. आम्हा भावंडांना राणीच्या बागेत हत्ती बघायचा असे. ते आधी आम्हाला शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेत आणि मुंबईच्या कला शाळेत एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या भांड्यांसमोर उभं करत. आम्ही कंटाळायचो. आता त्या कंटाळ्याची आठवण आली की घशात काहीतरी अडकतं.

त्यांची एक दोनशे पानी वही होती, ती तुम्ही पाहिलीच. नगाचा क्रमांक, कुठे घेतला, किती रुपये, आणि शेवटच्या रकान्यात ‘साल?’. शंभराच्या वर ठिकाणी ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं होतं. विचारायला माणूस नव्हता, आणि विचारलं तर लोक हसतील अशी त्यांना भीती वाटायची.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. एकाने दारातूनच पाहिलं आणि ‘हल्ली हे कोण घेतं’ म्हणून चपला घातल्या. दुसऱ्याने सगळ्याचे मिळून आठ हजार सांगितले आणि वर ‘कपाट रिकामं करून देतो, तेवढीच तुम्हाला मदत’ असं म्हणाला. तिसरा मात्र तासभर बसला. त्याच्या उजव्या हातात चार अंगठ्या होत्या. कपाचा कान धरून तो उचलायचा, पेल्यात पेला घालायचा, आणि प्रत्येक वेळी अंगठ्यांचा टण् टण् आवाज. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. प्रत्येक टण् ला तिचे खांदे आकसत होते, ते मला दिसत होतं, आणि तरी मी त्या माणसाला थांबवलं नाही. पाहुण्याला कसं बोलायचं, हा आपला जुना संकोच.

दुसऱ्या दिवशी हरणाच्या नक्षीच्या लाल काचेच्या सुरईला ओठाशी टवका गेलेला दिसला. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “आधीचाच असेल. आजींचे हात थरथरतात, धुताना लागला असेल.”

मला राग आला. आईला आला नाही. तिने ते मानून घेतलं. “मीच केलं असेल गं,” म्हणाली. दर दिवाळीला प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल अंथरून त्या सगळ्या वस्तू धुणारी माझी आई. तिच्या हातून इतक्या वर्षांत एक बशी फुटली नव्हती. त्या फोननंतर तिने कपाटाला हात लावणं बंद केलं. काचेवरची धूळसुद्धा पुसेना. त्या माणसाने सुरईचा टवका उडवला त्याचं मी एक वेळ विसरेन. सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला, ते नाही विसरणार.

मग तुम्ही आलात. कोणाच्या ओळखीतून कोणाची ओळख निघाली, ते राहू दे. वाशीहून ट्रान्स हार्बरच्या लोकलने आलात, पाठीला सॅक, तिच्यात एक भिंग, एक टॉर्च आणि घडी घातलेली सतरंजी. पाणी प्यायलात. कपाटाकडे पाहिलंत. मला वाटलं, आता दार उघडणार. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून सॅकमध्ये ठेवलंत आणि अंगठी काढायला लागलात. ती निघेना. सांध्यापाशी बोट सुजलेलं. तुम्ही दोनदा ओढलीत, आणि मग आईकडे वळून म्हणालात, “वहिनी, जरा साबण मिळेल का?”

काका, तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. आमच्या बेसिनपाशी तुम्ही उभे, बाह्या वर केलेल्या, बोटाला फेस, आणि ती पोवळ्याची अंगठी मिलिमीटर मिलिमीटरने सरकते आहे. निघाली तेव्हा खाली कातडीवर पांढरा पट्टा होता. आई घाबरली. “भाऊ, राहू द्या. मंगळाची असेल, अशी काढू नये.” तुम्ही सांगितलंत की तुमच्या आईने घातली होती, बावीस वर्षं बोटातून उतरली नव्हती. “मंगळ समजून घेईल, वहिनी. काच नाही घेत.” मग हात धुतलेत, कोरडे केलेत, हॉलमध्ये सतरंजी अंथरून खाली मांडी घालून बसलात आणि म्हणालात, “आता एकेक द्या.”

तोवर तुम्हाला कपाटात काय आहे ते ठाऊक नव्हतं. सगळं कुचकामी निघालं असतं, तरी तुम्ही अंगठी आधीच काढली होतीत.

आईने स्वतः उठून पहिली वस्तू आणली. तीन आठवड्यांनी तिचा हात त्या कपाटात गेला. आणि तिने काय आणावं? तीच सुरई. न बोलता तुमच्या हातात दिली, जणू गुन्हा कबूल करायचा होता. तुम्ही टॉर्च लावलीत, भिंग धरलंत, बोटाचं टोक टवक्याच्या कडेवरून अगदी हलकं फिरवलंत. “हा ताजा आहे,” तुम्ही म्हणालात. “जुन्या टवक्याची कड झिजते, खाचेत मळ बसतो. ही धारदार आहे, आणि आत धुळीचा कण नाही. वहिनी, तुम्ही हे शेवटचं कधी धुतलंत?” दिवाळीत, आई म्हणाली. “मग धुताना नाही गेला. हा महिन्याभरातला आहे. कठीण काहीतरी आपटलंय.” आम्ही तुम्हाला त्या चार अंगठ्यांबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं.

आई आत गेली. पदराने डोळे पुसत होती. तुम्ही ते पाहिलंत आणि मुद्दाम माझ्याशीच बोलत राहिलात, तिला वेळ मिळावा म्हणून. टवक्यातून आतली पांढरी काच दिसत होती ती मला दाखवलीत. काच आरपार लाल नाही, रंगाचा पातळ थर फक्त वरून आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, फ्रीडरिश एगरमान नावाच्या काच कारागिराने १८३० च्या दशकात ही रीत बसवली: बिनरंगी काचेवर तांब्याचा लेप द्यायचा, भट्टीत तो लाल चढवायचा, आणि मग चाकावर धरून नक्षी कोरायची, की हरीण पांढरं उमटतं. सोनं घालून लाल केलेली काच महाग पडे. ही तिच्यापेक्षा स्वस्तात होई. अशी काच तिथे पुढे पिढ्यान्‌पिढ्या बनत राहिली, तेव्हा हिला उगाच दोनशे वर्षांची म्हणू नका, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. बाबांनी वहीत ‘रुबी काच, फार जुनी’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि हसला नाहीत.

त्या दुपारी बाबांची कितीतरी प्रश्नचिन्हं सुटली. निळ्या फुलांच्या कपबशीच्या तळाला ‘निप्पॉन’ असा शिक्का होता. बाबांना तो कंपनीचा वाटायचा. निप्पॉन म्हणजे जपानच. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव छापायची सक्ती केली, म्हणून जपानी कारखाने हा शब्द छापू लागले. १९२१ मध्ये अमेरिकेच्या जकात खात्याने निप्पॉन हा इंग्रजी शब्द नव्हे, ‘जपान’ लिहा म्हणून सांगितलं. म्हणजे बाबांनी ४० रुपयांत आणलेली ती बशी बहुधा शंभरी ओलांडलेली आहे. आणि ज्या मेंढपाळ जोडीच्या बाहुल्यांना आम्ही लहानपणी नावं दिली होती, त्यांच्या तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ आहे. महायुद्ध हरलेला जपान १९५२ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, त्या काळातला तो माल. वहीत लिहायच्या आधी तुम्ही आईची परवानगी घेतलीत. पेन नको म्हणालात. पेन्सिलने, बाबांच्या अक्षराच्या खाली, त्याला धक्का न लावता.

आणि तो पांढरा कप! तुम्ही नखाने टिचकी मारलीत तेव्हा देवघरातल्या घंटीसारखा वाजला. तडा असता तर भद्द आवाज आला असता म्हणालात. मग खिडकीकडे धरून आईला सांगितलंत, “वहिनी, मागून बोटं धरा.” आईच्या बोटांची सावली कपातून आरपार दिसली. ती बघतच राहिली. हे कशाने होतं, तिने विचारलं, आणि तुम्ही पहिल्यांदा अडखळलात. मग खरं ते सांगितलंत: ही बोन चायना. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या स्पोड यांनी मिश्रण बसवलं, त्यात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते. मी आईकडे पाहिलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई क्षणभर गप्प, आणि मग खळखळून हसली. “म्हणून! म्हणून हा कप मला कधी चहाला काढू दिला नाही ह्यांनी!” वहीत त्या नगापुढे ‘बो. चा.’ एवढंच लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लागला. बाबा गेल्यापासून आई हसलेली मी पाहिली नव्हती, काका. तुम्ही तर असं काही घडतंय हे जाणूनही न घेता पुढची बशी मागत होतात.

पैशाचं विचारलं तर तुम्ही गोड बोलला नाहीत. बाजारात यातल्या बहुतेक वस्तूंना फार भाव येणार नाही, चार-पाच बऱ्या आहेत, बाकीच्या तेव्हाही भरपूर बनत होत्या, म्हणालात. आठ हजारवाल्यानेही जवळपास हेच म्हटलं होतं. त्याच्या बोलण्याने बाबा वेडे ठरले होते. तुमच्या बोलण्यानंतर आई म्हणाली, “मग विकायचंच नाही.” बाबांच्या शेवटच्या दिवसांत रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या मावशी रोज त्यांचा चष्मा पुसून उशाशी ठेवायच्या. बाबा तेव्हा डोळेही उघडत नव्हते. मावशींना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहतही नव्हतं. मला एकदा पहाटे चुकून दिसलं. अशी माणसं मला आयुष्यात मोजकी भेटली, पण भेटली, आणि त्यांच्यामुळे मी अजून अनोळखी माणसाला दार उघडते. तुम्ही त्यांतले.

सामान कसं बांधलं, किती खोकी झाली, ते इथे सांगत नाही. ११२ नग नौपाड्यातून निघाले, ११२ ऐरोलीला पोचले. तुम्ही टेम्पोत मागे खोक्यांजवळ बसून आलात, पैसे घेतले नाहीत. तो प्रभाकर कंदील तुमच्या मांडीवर होता. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला हा कंदील तुम्हाला इतका का आवडतो ते उतरताना सांगितलंत: तुमचे आजोबा तिथे भट्टीवर कामाला होते. आईने तो तुम्हाला घेऊन जा म्हणून किती विनवलं. तुम्ही म्हणालात, त्याची जागा खालच्या फळीवर आहे.

त्या पहिल्या रविवारी तुमची अंगठी आमच्या बेसिनवरच राहिली होती. मी स्टेशनवर घेऊन येते म्हटलं, तर तुम्ही, “राहू दे, पुढच्या रविवारी येतोच आहे.” आईने आठवडाभर ती निप्पॉनच्या बशीत, रुमालाच्या घडीवर ठेवली होती. ती बशी कपाटातून कशासाठी तरी वापरायला बाहेर निघाली, ही पहिलीच वेळ.

काका, नव्या घरात कपाट लागलं आहे. दोन फळ्या तुमच्याशिवाय लावायच्या नाहीत असं आईचं म्हणणं आहे. रविवारी जेवायलाच या. साबण बेसिनवर काढून ठेवला आहे.

तुमची,
नौपाड्याची, आता ऐरोलीची, पुतणी