सुमेस, एका सहीबद्दल

लेक्झिंग्टन, मॅसॅच्युसेट्स
१२ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, तरी पत्र लिहायला बसले आहे. फोनवर मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करते, तू माझ्या शुगरची करतेस, आणि जे बोलायचं असतं ते तसंच राहतं. यावेळी राहू द्यायचं नाही असं ठरवलंय.

ईशा आता अकरावीत आहे. तिच्या हायस्कूलच्या नाटकात तिला काम मिळालं. नाटक आर्थर मिलरचं, ‘द क्रूसिबल’. क्रूसिबल म्हणजे आपल्या सोनाराची मूस. १९५३ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा झालं आणि इकडच्या शाळांतून अजूनही सारखं होत असतं. १६९२ साली इथून पाऊण तासावरच्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, त्यांची ही गोष्ट. ईशाला मेरी वॉरेनचं काम आलं. मेरी ही प्रॉक्टर नावाच्या शेतकऱ्याच्या घरची मोलकरीण. पोरीचं पाठांतर घ्यायला लेक-जावयाला वेळ नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. म्हणाली, “आजी, तू फक्त डॅनफर्थ वाच.” डॅनफर्थ म्हणजे न्यायाधीश.

रात्रीची भांडी आवरली की आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. पहिल्या दिवशी मी अडखळत वाचलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा आवाज आपोआप खाली उतरला. शांत, समजूतदार, कसलीच घाई नसलेला. ईशा खूश झाली, “आजी, अगदी असाच हवा!” आणि माझ्या तळहातांना घाम सुटला. कारण तो आवाज माझा नव्हता गं. तो आपल्या हेडसरांचा होता.

तुला सगळं ठाऊक आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. त्याआधी हे नाटक थोडं सांगते, म्हणजे एवढ्या वर्षांनी मला हे आत्ताच का सुचलं ते तुला कळेल.

सुरुवातीला गावचा पाद्री पॅरिस याची मुलगी अंथरुणात निपचित पडलेली असते. आदल्या रात्री ती आणि गावातल्या बाकी पोरी रानात नाचल्या, हे उघडकीला येतं. त्या गावात नाचणं हेच पाप. मार चुकवायला पोरींना काहीतरी सांगणं भाग पडतं आणि टिट्युबा पुढे केली जाते. ती पाद्र्याच्या घरची गुलाम, तिच्या बाजूने कोण बोलणार? तिला विचारतात, सैतानाबरोबर तू आणखी कुणाला पाहिलंस? तिला नाव सुचत नाही. मग पटनम नावाचा जमीनदार स्वतःच विचारतो, सेरा गुडला पाहिलंस? ऑस्बर्नला पाहिलंस? थोड्या वेळाने टिट्युबा तीच दोन नावं परत देते. आणि पटनमची बायको टाळी वाजवल्यासारखी ओरडते, मला वाटलंच होतं, माझ्या तीन बाळंतपणांना ही ऑस्बर्नच सुईण होती, माझी बाळं हातातच गेली.

मी ते पान चारदा वाचलं. प्रश्न विचारणाऱ्यानेच उत्तर हातात ठेवलं आणि मग ते परत मिळाल्यावर पुरावा मिळाला म्हणून मिरवलं. लोक म्हणतात, पोरींनी गावाला नाचवलं. मला तसं वाटत नाही. पोरींकडे होती ती फक्त भीती. त्या भीतीला वजन दिलं ते खुर्चीवरच्या माणसांनी. पटनमचा डोळा शेजाऱ्यांच्या जमिनीवर आहे. नाटकातला म्हातारा जाइल्स कोरी कोर्टात हे उघड सांगतो, की जेकब्ज नावाचा शेजारी फासावर गेला तर त्याची जप्त झालेली जमीन विकत घ्यायची ऐपत गावात एकट्या पटनमची आहे. कोर्ट विचारतं, तुला हे कुणी सांगितलं, त्याचं नाव दे. तो देत नाही. मग कोर्टाचा अवमान केला म्हणून त्यालाच धरतात.

तू अक्कलकुव्याहून मला पहिलं पत्र लिहिलं होतंस, आठवतं? तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. एका पाड्यावरच्या बाईला भगताने डाकीण ठरवलं, तिचा नवरा नुकताच गेला होता आणि तिच्या नावावर थोडी जमीन होती, असं लिहिलं होतंस. खाली एकच ओळ होती, “मंदे, भगत फक्त बोलतो, बोलवून घेणारे दुसरेच असतात.” आपल्याकडे जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हायला २०१३ उजाडलं, आणि तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर. ती ओळ माझ्या डोक्यात होती, पण ती मलाही लागू आहे हे मी स्वतःला कळू दिलं नाही.

आता डॅनफर्थ. तो दुष्ट नाही. वाचताना सारखं वाटतं, हा किती नियमाने चाललाय. तो म्हणतो, चेटूक हा न दिसणारा गुन्हा, त्याला साक्षीदार दोनच, चेटकीण आणि तिने पछाडलेली माणसं. चेटकीण स्वतःविरुद्ध बोलणार नाही, तेव्हा पछाडलेल्यांवर विश्वास ठेवायचा. झालं! आता बचावाला जागाच कुठे उरली? सेलमच्या खऱ्या कोर्टातही हेच चाललं. पोरी म्हणायच्या, हिची छाया येऊन मला चिमटे काढते, आणि ती बाई त्या वेळी आपल्या घरात झोपलेली का असेना, ते पुराव्यात धरलं जायचं. त्याहून भयंकर म्हणजे ज्यांनी गुन्हा कबूल केला ते वाचले, आणि जे मी निर्दोष आहे म्हणत राहिले ते लटकले.

तिसऱ्या अंकात फ्रान्सिस नर्स एक कागद आणतो. त्याची बायको रिबेका, प्रॉक्टरची बायको आणि मार्था कोरी या चेटकिणी म्हणून धरलेल्या बायका चांगल्या आहेत असं लिहून ९१ जणांनी खाली सह्या केलेल्या असतात. डॅनफर्थ तो कागद वाचतो आणि त्या ९१ जणांना चौकशीसाठी धरून आणायला सांगतो. फ्रान्सिस हबकतो. त्याने त्या लोकांना शब्द दिलेला असतो की तुम्हाला काही होणार नाही. आणि हाच डॅनफर्थ थोडं आधी अभिमानाने सांगतो, की माझ्या सहीने चारशेजण तुरुंगात आहेत आणि त्याच सहीने ७२ जणांना फाशी ठरली आहे. कुणाची सही माणसाला अडकवते आणि कुणाची सही अडकलेल्याला सोडवू शकत नाही, हे ईशाला समजावून सांगताना माझ्या घशात काहीतरी अडकलं.

शेवटी त्याला शंका येते का, हे मी शोधत होते. येते बहुतेक. पण तोवर बाराजण फासावर गेलेले असतात. आता उरलेल्यांची फाशी पुढे ढकलली तर गेलेल्यांबद्दल लोक शंका घेतील, म्हणून तो ढकलत नाही.

आता आपला कागद.

१९९१ चा जून. इमारत निधीच्या पावत्या कुठे आहेत असं आपल्या शाळेचे कनिष्ठ लिपिक अण्णा यांनी कार्यालयात तीनदा विचारलं होतं. मग स्टाफरूममध्ये कागद फिरला. कनिष्ठ लिपिक उद्धट बोलतात, पैशाच्या व्यवहारात संशयास्पद आहेत, आम्हा शिक्षकांचा त्यांच्यावर विश्वास नाही. हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाई, तुमच्या नोकरीच्या मान्यतेचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर आहे. बसा, पेन देऊ का?” यांची कंपनी तेव्हा बंद पडली होती, घरात माझा एकटीचा पगार. मी सही केली. तिसऱ्या क्रमांकावर. सही केल्यावर त्यांनी शिपायाला हाक मारून माझ्यासाठी चहा मागवला. आलं घातलेला होता. तो मी पूर्ण प्यायले, सुमे.

तुझ्यापर्यंत कागद आला तेव्हा तू विचारलंस, “मी काही पाहिलेलं नाही, तर मी काय म्हणून सही करू?” आणि कागद तसाच पुढे सरकवलास. मी समोर वह्या तपासत बसले होते. मान वर केली नाही. चौदा सह्या झाल्या. अण्णांना काढलं. दिवाळीनंतर तुझी बदली झाली, संस्थेच्या सगळ्यात लांबच्या शाखेवर. पुढच्या वर्षी तपासणीत त्या पावत्यांचा घोळ निघाला, अण्णांचं म्हणणं खरं ठरलं, तरी त्यांना परत घेतलं नाही. का, ते तुला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. मी त्या बैठकीत होते. एकजण म्हणाले, “आता परत घेतलं तर चौदा शिक्षकांनी खोटं लिहिलं असा अर्थ होईल.” आणि आम्ही चौदाजण गप्प बसलो. आमची भीती आमच्याच कागदाने आणखी पक्की झाली होती.

ईशाच्या प्रवेशात मेरी कोर्टात खरं सांगायला उभी राहते. आम्ही नाटक करत होतो, म्हणते. तेव्हा तिला सांगतात, मग आत्ता इथे बेशुद्ध पडून दाखव. तिला जमत नाही. ईशाने मला विचारलं, “का जमत नाही, आजी? ती तर खोटंच करत होती ना?” मी सांगितलं, अगं, एकटीने नाही जमत ते, चारजणी किंचाळत असल्या की जमतं. मग पोरींची म्होरकी ॲबिगेल आणि बाकीच्या पोरी वर बघून पक्षी दिसतोय म्हणतात आणि मेरी जे बोलेल ते सगळ्या एका सुरात परत बोलतात. ती “थांबा” म्हणते, त्या “थांबा” म्हणतात. आपल्या वर्गात पोरं एकमेकांना चिडवायला हेच करायची, आणि चिडलेलं पोर शेवटी रडायचंच. वरून डॅनफर्थ फाशीची भीती घालतो. मेरी मोडते. प्रॉक्टरकडे बोट दाखवते, हाच सैतानाचा माणूस म्हणते आणि धावत ॲबिगेलच्या कुशीत शिरते. ॲबिगेल तिला जवळ घेते. ईशा म्हणाली, “आजी, मला ती मिठी सगळ्यात वाईट वाटते.” मला तो आल्याचा चहा आठवला.

मिलरवर माझा एक राग आहे, तोही सांगते. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला सतराची केलं, त्याला पस्तिशीच्या आसपास आणलं आणि दोघांमध्ये संबंध घातला. नाटक त्यामुळे चढतं, कबूल. पण बघणारे घरी जाताना त्या पोरीला शिव्या घालत जातात आणि डॅनफर्थ सुटतो. प्रयोगानंतर पार्किंगमध्ये मी तेच ऐकलं. मिलरच्या स्वतःच्या वागण्याबद्दल मात्र मला आदर आहे. १९५६ साली कम्युनिस्टांचा छडा लावणाऱ्या संसदेच्या समितीने त्याला बोलावलं आणि लेखकांच्या बैठकींना आणखी कोण होतं ते विचारलं. त्याने नावं दिली नाहीत. पुढच्या वर्षी तो दोषी ठरला, १९५८ साली वरच्या कोर्टाने ते रद्द केलं. नाटक आधीचं, परीक्षा नंतरची.

मागच्या शनिवारी जावयाने सेलमला नेलं. गाव चेटकिणींच्या टोप्यांनी भरलेलं, पोलिसांच्या गाड्यांवरसुद्धा झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र. मला ते पाहवलं नाही. जुन्या दफनभूमीला लागून स्मारक आहे, १९९२ साली केलेलं. दगडी कुंपणाच्या भिंतीतून वीस ग्रॅनाइटचे बाक बाहेर काढलेत, बसण्याइतके. प्रत्येकावर एक नाव, कसं मारलं ते आणि तारीख. १९ जणांना फाशी, आणि ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं, कारण तो आरोपावर हो किंवा नाही काहीच बोलायला तयार नव्हता. आत शिरताना पायाखालच्या दगडात त्या लोकांची वाक्यं कोरली आहेत, मी निर्दोष आहे अशा अर्थाची. ती वाक्यं मध्येच भिंतीखाली जातात, पुरी होत नाहीत. प्रॉक्टरच्या बाकावर कुणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवली होती. मी वाकून तारीख वाचली, १९ ऑगस्ट १६९२. बाकावर बसायचं धाडस मला झालं नाही.

नंतर ईशाने मला एक गोष्ट वाचून दाखवली. न्यायाधीशांपैकी सॅम्युअल सिवॉल १६९७ साली बॉस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभा राहिला, पाद्र्याने त्याची चिठ्ठी वाचली, आणि त्यात त्याने दोष आणि लाज स्वतःकडे घेतली. पोरींमधल्या ॲन पटनमनेही १७०६ साली चर्चमध्ये असंच उभं राहून माफी मागितली, पण सैतानाने मला भुलवलं असं म्हणाली. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने कधीच मागितली नाही. मला ॲनसारखं लिहायचं नाही. हेडसरांनी भुलवलं, घरची अडचण होती, हे सगळं खरं आहे, पण पेन माझ्या हातात होतं.

तुला मी आजवर एकदाही विचारलं नाही की त्या बदलीत तुझं काय काय गेलं. डोंगरातल्या त्या खोलीत पहिला पावसाळा कसा काढलास, आईंच्या आजारपणात यायला रजा मिळाली का. तू सांगशील तर मला ऐकायचं आहे. आणि मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, मी त्याबद्दल फोनवर विचारणार नाही.

अण्णा गेले हे तूच कळवलं होतंस. त्यांचा मुलगा जळगावला असतो आणि दर दिवाळीला तुला फराळाचा डबा पाठवतो, हेही बोलता बोलता तू एकदा म्हणाली होतीस. त्याचा पत्ता मला पाठव. त्या कागदावर तिसरी सही कुणाची होती, ती कशी झाली आणि पुढच्या वर्षीच्या बैठकीत काय बोललं गेलं, ते मला त्याला माझ्या नावानिशी लिहून द्यायचं आहे. तो ते पत्र फाडून टाकेल तर टाकू दे. मी डिसेंबरच्या वीस तारखेला परत येतेय, त्याआधी पत्ता मिळाला तर इथूनच टाकते.

तुझी,
मंदा

ता. क. ईशाचा शेवटचा प्रयोग काल झाला. मेरीने बोट दाखवलं तेव्हा तिचा हात खरोखर थरथरत होता.