आबांना कुठलं कॉलेज दाखवू?

उल्म, जर्मनी,
७ डिसेंबर, रविवार रात्र

प्रिय वैशे,

चार महिने झाले. तुझे तीन मेसेज मी वाचले, निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील, आणि एकालाही उत्तर दिलं नाही. राग दिवाळीच्या आधीच गेला होता. मग एवढा उशीर झाला म्हणून लाज वाटायला लागली, आणि ती लाज रोज वाढत गेली. आज दुपारी आबांचा फोन आला. फोन ठेवल्यावर दहा मिनिटं नुसती पायरीवर बसून राहिले आणि मनात एकच आलं, हे वैशीला सांगायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार?

मी बरी आहे. सर्दी आहे, ती इथं सगळ्यांनाच आहे.

आई-आबांचा व्हिसा आला. १८ तारखेला रात्री महालक्ष्मीनं मुंबई, १९ ला रात्रीचं विमान, २० ला सकाळी म्युनिक. तिथून रेल्वेनं उल्म. मी न्यायला जाणार आहे. आबा फोनवर काय म्हणाले सांगू? ‘मने, घरी सामान टाकलं की पहिलं तुझं कॉलेज बघायचं. चर्च-बिर्च नंतर. दारावरच्या पाटीचा फोटो पाठवून ठेव, मी पाटील सरांना दाखवतो.’

कॉलेज, वैशे.

तुला आठवतंय ना, कोल्हापुरात रंकाळ्याच्या कठड्यावर बसून आपण काय ठरवलं होतं? म्हणजे मी ठरवलं होतं, तू नको म्हणत होतीस. ‘जर्मन भाषेचा एक वर्षाचा कोर्स आहे, राहायची सोय एका कुटुंबात आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, असं मी तेव्हा तुला दहादा सांगितलं. फक्त मधला भाग गाळला. त्या कुटुंबातली दोन पोरं मी सांभाळणार, त्यांचे डबे भरणार, भांडी मशीनला लावणार, आणि त्याबद्दल मला राहणं, जेवण आणि महिना २८० युरो हातखर्च मिळणार, हे गाळलं. आबांनी त्या एका ‘कोर्स’ शब्दावर अख्खी इमारत बांधली. आबांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यात गाव निघालं आईन्स्टाईनचं. आईन्स्टाईन १८७९ ला इथं जन्मला. सगळ्या गल्लीत सांगून झालंय, ‘आमची मनी आईन्स्टाईनच्या गावात शिकते.’ इथं विद्यापीठही आहे, तेही आबांनी शोधून काढलंय. त्यांना वाटतं मी तिथंच जाते.

प्रत्यक्षात तो बिचारा वर्षभराचा असतानाच आई-बाप त्याला घेऊन म्युनिकला गेले, आणि जन्माचं घर १९४४ च्या डिसेंबरात बॉम्बमध्ये गेलं. आता स्टेशनजवळ त्या जागी स्मारकाचा दगड आहे. आबांना तिथं नेणार आहेच. ते चपला काढतील बघ, एवढ्या थंडीत.

आता खरी गोम ऐक. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी जिथं जर्मन शिकायला जाते ती फोल्क्सहोखशूल आहे. म्हणजे कुणीही, कुठल्याही वयाचं, फी भरून शिकू शकतं अशी लोकांची शाळा. माझ्या वर्गात सीरियाचा एक सुतार आहे, युक्रेनच्या एक आजी आहेत. आणि त्या इमारतीचं नाव काय आहे माहीत आहे? आईन्स्टाईनहाऊस! दारावर तसंच लिहिलंय. आबांना दारासमोर उभं करायचं, एक फोटो काढायचा, की झालं. एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. पाटील सरांपर्यंत फोटो जाईल आणि आबा आनंदानं परत जातील. दुपारपासून मी हेच घोळवते आहे आणि जितकं सोपं दिसतं तितकं पोटात कालवतं.

तू ऑगस्टमध्ये फोनवर म्हणाली होतीस, ‘तुला लाज कामाची वाटत्या का बापाची?’ मी फोन कापला. इतकं वाईट मला कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तेही तू. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये तुमची पेठ हरल्यावर तू माझ्याशी आठवडाभर बोलली नव्हतीस, तेव्हासुद्धा मी गेटवर शेंगदाणे घेऊन उभी राहिले होते. यावेळी तू यायला पाहिजे होतीस, असं मला चार महिने वाटत होतं. तीन मेसेज म्हणजे तू आलीच होतीस, हे आज कळतंय.

तर उत्तर देते. कामाची लाज मला नाही. सकाळी उठते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो, इथं आता आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला परत अंधार. डॅन्यूब नदीचं धुकं चढलं की तेवढाही सूर्य नाही. योनास तीन वर्षांचा. त्याला थंडीचा तो अंगभर सूट घालायचा म्हणजे आधी लोकरी मोजे, मग सूट, मग बूट, आणि हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण हातमोज्यात अंगठा सापडला नाही की तो रडायला लागतो. चेन वर ओढताना त्याच्या हनुवटीखाली आपलं बोट आडवं धरायचं, नाहीतर कातडी अडकते. एकदा अडकली होती. तो रडला, त्याच्यापेक्षा जास्त मी रडले. आता माझं बोट आपोआप जातं तिथं. चेन गळ्याशी आली की तो ‘चल चल’ म्हणतो, मराठीत. लेनाला तर ‘आई गं’ इतकं बरोबर जमतं की त्यांची आई, सबीना, एकदा धावत आली.

मग लाज कशाची? आज्जीची आठवण कर. वाड्यातल्या त्या घरी तिनं किती वर्षं धुणी-भांडी केली, आबा मागच्या दारी पायरीवर बसून अभ्यास करायचे, आणि त्या घरातल्या पोरांची जुनी पुस्तकं त्यांना मिळायची. आबा हे कधी सांगत नाहीत. पण दहावीच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरच्या काकूंचं बाळ पैसे घेऊन सांभाळायचं म्हटलं तेव्हा ते जेवणावरून उठले होते, तू होतीस तिथं. ‘माझ्या आईबरोबर ते संपलं’ एवढंच म्हणाले होते. त्या माणसाला मी विमानात बसवून इतक्या लांब आणायचं आणि स्वयंपाकघरात उभं करून दाखवायचं की बघा आबा, संपलं नाही? व्हिसाची फी प्रत्येकी ९० युरो, वर ३०,००० युरोंचा विमा, तिकिटं वेगळी. पोस्टातली ठेव मोडली त्यांनी. माझं कॉलेज बघायला.

आणि ही माणसं वाईट असती तर सांगणं सोपं गेलं असतं गं. तशी नाहीत. आठवड्याला ३० तासांच्या वर काम सांगायचं नाही हा नियम आहे आणि सबीना तो वहीत लिहून पाळते. भाषेच्या वर्गाचे पैसे ते भरतात. असं घरात राहून पोरं सांभाळणारीला ऑ-पेअर म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच ‘बरोबरीनं’ असा आहे, आणि मी टेबलाला बरोबरीनंच बसते. आई-आबांना हॉटेलात जाऊ देणार नाही म्हणाले, तळघरातली पाहुण्यांची खोली रंगवली त्यासाठी. आईला सांगितलं तर ती म्हणते, ‘तळघरात? तिथं कांदे-बटाटे ठेवतात.’ खिडकी आहे, हीटर आहे, गालिचा आहे, सगळे फोटो पाठवले, तरी ती मावशीला ‘आम्हाला भुयारात ठेवणार आहेत’ म्हणूनच सांगते आहे. आणि कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा बदलतात हे तर मी तिला अजून सांगितलेलंच नाही.

तुपावरूनही दोन दिवस भांडण चाललंय. बाहेरच्या देशातून दुधाचं आणि मटणाचं काहीही आणायला इथं बंदी आहे, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. कढीपत्ताही नाही. ‘तुपात काय बॉम्ब असतोय?’ असं विचारलं तिनं. नारळ चालतो म्हटल्यावर आता चार नारळ, गुळाची ढेप आणि दोन किलो कांदा-लसूण मसाला निघालाय. २४ ला दुपारी दुकानं बंद होतात, मग दोन दिवस शुकशुकाट, तेव्हा त्या संध्याकाळी पांढरा रस्सा करायचा असं तिचं सबीनाशी माझ्यामार्फत ठरलंय. मटण इथलं, नारळ आपला. तांबड्याचं नाव काढू नको म्हटलंय, योनासला मिरीसुद्धा चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. कॉलेजचं बोलून झाल्यावर आबा जरा थांबले आणि म्हणाले, ‘त्या दोन पोरांच्या पायांची मापं पाठव. चप्पल ओळीतनं घेऊन येतो. काय गं, सकाळी त्यांना तूच उठवतेस ना?’

मी ‘हो’ म्हटलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि आईला फोन दिला.

वैशे, त्यांना माहीत आहे का? सबीनानं जे निमंत्रणाचं पत्र दिलं त्यात ऑ-पेअर लिहिलंय. ते पत्र फाइलला लावून आबा स्वतः मुलाखतीला गेले. जर्मन त्यांना येत नाही, पण कागद न समजता सही करणारा माणूस आहे का तो? परीक्षेच्या पेपरातला स्वल्पविराम सोडायचे नाहीत. माहीत असेल तर मग कॉलेज कॉलेज का चाललंय? मला सांगायची संधी देत आहेत का? की मला ओशाळं वाटू नये म्हणून तेच माझी गोष्ट सांभाळत आहेत? हा दुसरा विचार आला आणि मी पायरीवर बसले. मी त्यांना जपते आहे असं धरून चालले होते.

मागच्या महिन्यात त्यांनी अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाचा, मावळतीचं ऊन थेट मूर्तीवर पडतं त्याचा, व्हिडिओ पाठवला होता. लहानपणी आपल्या दोघींना न्यायचे आणि गर्दीत सगळ्यांना समजावत बसायचे, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच का, तर २१-२२ डिसेंबर हा मधला दिवस, त्याच्या अलीकडं आणि पलीकडं साधारण सारख्याच दिवसांवर मावळतीचा सूर्य क्षितिजावर त्याच जागी येतो. पुजारीकाकासुद्धा ऐकत उभे राहायचे. यंदा व्हिडिओखाली लिहिलं होतं, ‘तुझ्याकडं सूर्य नाही म्हणतेस म्हणून पाठवला.’ आणि आता ते त्या मधल्या दिवसाच्या तोंडावरच इथं येत आहेत.

तर मी ठरवलंय. आईन्स्टाईनहाऊस त्यांना दाखवणार, पण जे आहे तेच सांगून. ती शाळा १९४६ मध्ये इंगे शोल नावाच्या बाईंनी सुरू केली. त्यांचा भाऊ हान्स आणि बहीण सोफी याच गावात वाढली, हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून १९४३ च्या फेब्रुवारीत दोघांनाही मारलं. सोफी २१ वर्षांची होती. भावंडं गेली, गाव ढिगाऱ्यात, आणि बाईंनी काय केलं तर सगळ्यांसाठी शाळा काढली. आबा हे ऐकून गप्प होतील, मला माहीत आहे. पण कॉलेज म्हणणार नाही मी त्याला. आणि ते इथं पोचायची वाट बघणार नाही. पोचल्यावर सांगितलं तर चार माणसांत त्यांना तोंड सांभाळावं लागेल, परक्या घरात, परक्या भाषेत. उद्या आपल्याकडच्या सात वाजता फोन करणार आहे. आई त्या वेळी देवळात असते. आज्जीचं नावही काढणार आहे. पुढं मला नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायचंय हे त्याच फोनमध्ये सांगणार, त्यातही लोकांचं अंग पुसायचं काम आहे, तेही सांगणार.

तुझं काय? टीईटीचा निकाल लागला का? कागलच्या स्थळाचं पुढं काय झालं, की तू नेहमीसारखं त्याला फुटबॉलवरून घालवलंस? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे आईकडून कळलं, त्यांना माझा नमस्कार सांग. सगळं सविस्तर लिही, मी आता उत्तर देईन.

एक काम कर. मंगळवारी आमच्या घरी जा. सोमवारी नको. सोबत दोन कागद पाठवते आहे. लेना आणि योनासला कागदावर उभं करून पेन्सिलनं पाय काढून घेतलेत. फोटोत माप हरवतं म्हणून स्कॅन केलेत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला ए-फोरवर जसंच्या तसं काढायला सांग, पानात बसवायला जाऊ नको, लहान होतील. प्रिंट निघाल्यावर पट्टी लाव, लेनाचा पाय १९ सेंटिमीटर आला पाहिजे, योनासचा साडेपंधरा. वाढत्या पायाचे म्हणून अर्धा सेंटिमीटर जास्त धरायला सांग. योनासचा डावा वाकडा आलाय, त्याला गुदगुल्या होत होत्या. उजव्यावरूनच माप घ्यायला लाव.

तुझी,
मनी