आधी माउंट ठरवा, मग रेड डॉट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्पर्धेच्या पिस्तुलासाठी रेड डॉट साइट, म्हणजे काचेत दिसणाऱ्या लाल ठिपक्याने नेम धरायचे साधन, कशी निवडावी, यावर आपल्या क्रीडा पुरवणीत पानभर लेख आला. काचेचा आकार, ठिपक्याचा आकार, बॅटरीचे आयुष्य, सगळे त्यात होते. साइट पिस्तुलाला धरून ठेवणाऱ्या माउंटच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आले: साइट योग्य माउंटवर घट्ट बसवावी. ते वाचून मी पुरवणी बाजूला ठेवली आणि हे पत्र लिहायला घेतले, कारण तशाच अपुऱ्या सल्ल्यापायी माझा अख्खा मोसम वाया गेला आहे.

मी टूलरूममध्ये 21 वर्षे तपासनीस होते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), डायल आणि सरफेस प्लेट (तपासणीचा अगदी सपाट पाट) यांच्या संगतीत माझे दिवस गेले. पिस्तुलाच्या स्पर्धांत मी गेली 9 वर्षे उतरते आहे. पहिला रेड डॉट घेतला तेव्हा मीही लेखात सांगितले तसेच केले. दोन महिने साइटची तुलना करण्यात घालवले आणि माउंट म्हणून पिस्तुलासोबत डब्यात आलेली अ‍ॅडॉप्टर प्लेट लावली. स्लाइडला, म्हणजे प्रत्येक गोळीला मागेपुढे धावणाऱ्या वरच्या भागाला, कारखान्यातूनच खाच होती. खाचेत प्लेट, प्लेटवर साइट. 25 मीटरवर झिरो केला, म्हणजे ठिपका असेल तिथेच गोळी लागेल असे जुळवले; दोन सराव सुरेख झाले. तिसऱ्या सरावात गोळ्यांचा गट वर डावीकडे सरकला. मी साइट जुळवायच्या स्क्रूचे क्लिक फिरवून तो मध्यावर आणला. पुढच्या वेळी तो खाली गेला होता. मग पुन्हा वर.

सगळ्यांनी बोटाला दोष दिला. मलाही ते पटले. तीन महिने मी रोज संध्याकाळी रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगरचा सराव केला. पकड बदलली, पाय किती अंतरावर ठेवायचे तेही बदलून पाहिले. मोसमातल्या शेवटच्या स्पर्धेत तर इतक्या चुकलेल्या गोळ्या पाहून मी खेळ सोडायच्या बेताला आले होते. घरी येऊन साइट उतरवली आणि प्लेट सहज सरफेस प्लेटवर ठेवली. एका कोपऱ्यावर बोट टेकवले तर ती डुगडुगली. 0.05 मिलिमीटरची फीलरची पाती समोरच्या कोपऱ्याखालून अलगद आत गेली. स्क्रूच्या एका छिद्राच्या काठाला बर, म्हणजे धातूचा बारीक उंचवटा, राहिली होती. नखाला जेमतेम लागेल एवढीच.

0.05 मिलिमीटर म्हणजे साध्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पण इथे शाळेतले त्रैराशिक मांडून पाहावे. साइटचा तळ साधारण 40 मिलिमीटर लांब असतो. 25 मीटर हे अंतर त्या 40 मिलिमीटरच्या 625 पट आहे. म्हणजे तळाच्या एका टोकाला 0.05 मिलिमीटरचा फरक पडला, तर 25 मीटरवरच्या लक्ष्यावर तो 31 मिलिमीटरचा होतो, 50 मीटरवर 62. लेखात 3 एमओएचा ठिपका घ्यावा की 6 एमओएचा (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), यावर अर्धा रकाना खर्च झाला आहे. 3 एमओएचा ठिपका 25 मीटरवर 22 मिलिमीटर झाकतो. माझ्या प्लेटखालची बर त्याहून मोठी चूक करत होती. पुढची-मागची जुनी साइट असती तर दोन साइटमधले अंतर 150 मिलिमीटरच्या आसपास असते आणि तेवढ्याच फरकाने गोळी 8 मिलिमीटर हलली असती. रेड डॉटमध्ये सगळा नेम त्या बोटभर तळावर उभा असतो, म्हणून तळाखाली काय आहे हे आधी पाहायचे.

कोणी म्हणेल, वाकडी प्लेट तर वाकडी, झिरो करताना ती चूक भरून निघते. नुसता वाकडेपणा असता तर निघाली असती. पण ज्या कोपऱ्याला टेकू नाही तो प्रत्येक गोळीला दबतो आणि सुटतो. स्लाइडवरच्या साइटला एका गोळीमागे तीन धक्के सोसावे लागतात: स्लाइड सुटतानाचा हिसका, ती मागे जाऊन थांबते तेव्हाचा दणका आणि पुढे येऊन आदळते तेव्हाचा तिसरा. दोनशे गोळ्यांच्या सरावात असे सहाशे. दुबळ्या बैठकीवर स्क्रूची पकड त्यात हळूहळू सैल होते आणि झिरो भटकू लागतो. नेमबाज मात्र आपल्या बोटावर शंका घेत राहतो.

म्हणून माझे म्हणणे असे की क्रम उलटा करावा. आधी तुम्ही कोणत्या स्पर्धेत, कोणत्या विभागात उतरणार ते पाहा. त्यावरून माउंट ठरवा. त्या माउंटला जी साइट थेट बसते, तीच घ्या.

पहिल्या पायरीवरच लेखात मोठी उणीव राहिली आहे. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत रेड डॉट चालतच नाही. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे नियम फक्त उघड्या साइटना परवानगी देतात. लेखासोबतच्या छायाचित्रात 10 मीटर एअर पिस्तूल दाखवले आहे, त्यामुळे नव्या मुलामुलींचा गैरसमज नक्की होईल. रेड डॉटचे खरे घर म्हणजे आयपीएससीसारख्या पळत-पळत नेम धरायच्या स्पर्धा आणि बुल्सआय ही उभ्याने कागदी लक्ष्यावर नेम धरायची अमेरिकी स्पर्धा. आयपीएससीतही विभागागणिक नियम वेगळा आहे. ओपन विभागात साइट फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या न धावणाऱ्या सांगाड्यावर, चालते. प्रोडक्शन ऑप्टिक्समध्ये ती स्लाइडवरच हवी. माझ्यासोबत सराव करणाऱ्या एका मुलाने फार हौसेने फ्रेमचे माउंट घेतले, त्यासाठी फ्रेमला छिद्रे पाडून घेतली, आणि स्पर्धेच्या सकाळी उपकरण तपासणीत त्याला कळले की आपल्या विभागात हे चालत नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. नियमपुस्तिकेतली एक ओळ कोणी आधी दाखवली असती तर एवढे झाले नसते.

फ्रेमच्या माउंटचा इतिहास जुना आहे. 1990 मध्ये अ‍ॅडलेडला झालेली आयपीएससीची जागतिक स्पर्धा डग कोनिगने रेड डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकली. त्या काळच्या साइट नळीसारख्या लांब आणि जड होत्या, स्लाइडवर पेलणाऱ्या नव्हत्याच. त्यामुळे फ्रेमच्या बाजूला स्क्रूने बसवलेला आणि स्लाइडवरून कमानीसारखा वळलेला हात हाच उपाय होता. त्याचे गुण आजही तेच आहेत. स्लाइड खाली धावते आणि साइट तिच्याबरोबर मागेपुढे जात नाही. ठिपका काचेतून नाहीसा होण्याऐवजी वर उठून परत येताना दिसतो. स्लाइडवर वजन वाढत नसल्याने स्प्रिंगचे गणितही बिघडत नाही.

पण तो हात एकाच बाजूने धरलेला असतो. सज्जाची फळी भिंतीत रोवावी तसा. पातळ असेल तर थरथरतो. माउंट हातात घेतले की मी आधी वळणाजवळची जाडी पाहते, मग फ्रेमला टेकणारा भाग सपाट आहे का ते पाहते, आणि स्क्रूंची संख्या सगळ्यांत शेवटी मोजते. पाच स्क्रू असूनही बैठक पोकळ असेल तर उपयोग नाही. आणखी एक जागा पाहावी. रिकामी पुंगळी बाहेर पडताना माउंटवर आपटते का? शंभर गोळ्यांनंतर माउंटच्या आतल्या बाजूला पितळेचे ओरखडे दिसले तर आपटते आहे, आणि पुंगळी अडकण्याचे कारण तिथेच आहे. याचसाठी ओपन पिस्तुलांवर कित्येक जण साइट 90 अंशांत आडवी बसवणारे माउंट घेतात. त्याने पुंगळीला वाट मिळते आणि साइट थोडी खालीही येते. स्लाइडचा मागचा भाग झाकला जातो, म्हणून ती ओढायला बाजूला छोटा दांडा लावावा लागतो. त्याची जागा माउंटसोबतच ठरवावी.

उंचीचाही विचार करावा. माझ्या दोन पिस्तुलांवर मी मोजून पाहिले. नळीच्या मध्यापासून नेमाची रेषा स्लाइडवरच्या साइटला 27 मिलिमीटर वर आहे, फ्रेमवरच्या साइटला 41. दोन्हींचा झिरो 25 मीटरवर. 5 मीटरवरच्या लक्ष्यावर पहिल्या पिस्तुलाची गोळी ठिपक्याखाली दोन सेंटिमीटरच्या आत लागते, दुसऱ्याची सुमारे तीन. गोळी लागल्यास गुण कापले जाणारे लक्ष्य अर्धे पुढे आलेले असेल तेव्हा त्या एका सेंटिमीटरने गुण जातात.

स्लाइडच्या माउंटमध्ये मी फक्त सांधे मोजते. स्लाइडमध्ये त्या साइटच्या तळाबरहुकूम खाच कोरून घेतली तर सांधा एक. प्लेट आली की दोन. मागच्या साइटच्या खाचेत सरकवायची प्लेट मी मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलावर लावणार नाही. ती उंच बसते आणि एका अरुंद खाचेच्या जोरावर सगळे धक्के झेलते. 22 बोअरवर चालून जाते. ग्लॉकने 2015 मध्ये अदलाबदलीच्या प्लेटांची एमओएस पिस्तुले आणली. त्या पद्धतीने साइट बदलणे सोपे झाले हे खरे. पण मोसमभर एकच साइट वापरायची असेल तर कोरीव खाचच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळाचे नमुनेही वेगवेगळे आहेत. ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर साइटच्या तळाला दोन खळगे असतात, डॉक्टर (Docter) या कंपनीच्या नमुन्यात चार खुंट्यांच्या जागा, आणि एमपॉइंट अ‍ॅक्रो तर वरून स्क्रूने न बसता आडव्या पट्टीला चिमट्यासारखी धरते. खळगे आणि खुंट्या शोभेच्या नाहीत. पुढे-मागे बसणारा धक्का त्यांनी झेलायचा असतो, स्क्रूने फक्त दाबून धरायचे. प्लेटवर साइट ठेवून स्क्रू न लावता बोटाने पुढे-मागे ढकला. ती सरकली तर तो धक्का पुढे स्क्रूवरच येणार. अशी प्लेट परत करावी.

22 बोअरच्या बुल्सआय पिस्तुलावर बहुधा आडव्या खाचांची पट्टी असते, पिकॅटिनी किंवा वीव्हर प्रकारची. पिकॅटिनी पट्टीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद, वीव्हरची 4.57. वीव्हरचे माउंट पिकॅटिनीवर बसते, पण खाचेत सैल राहते. आवळताना ते नळीच्या तोंडाकडे ढकलून धरायचे. पिस्तूल मागे उसळते तेव्हा साइट जडत्वाने जागीच राहू पाहते, म्हणजे पट्टीवर ती पुढे सरकते. ते सरकणे आधीच संपवून टाकायचे.

स्क्रूविषयी लेखात चकार शब्द नाही. माझ्या साइटच्या पुस्तिकेत 12 इंच-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) दिला आहे, म्हणजे जेमतेम 1.4 न्यूटन-मीटर. मनगटाच्या अंदाजाने घट्ट केले की याच्या दुप्पट सहज होते आणि छोटे आटे ताणले जातात. टॉर्क रेंच लागतोच. आटे आणि छिद्र अल्कोहोलने पुसून तेल काढायचे, आटे सैल होऊ न देणाऱ्या, मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब, मग 24 तास पिस्तूल तसेच ठेवायचे. लाल थ्रेडलॉकर नको. उतरवताना उष्णता द्यावी लागते आणि साइटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे. स्क्रूची लांबी तर मोजाच. कित्येक पिस्तुलांत साइटच्या खाचेखालून एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) दट्ट्याची पोकळी जाते. लांब स्क्रूचे टोक तिथे टेकले की पुंगळी ओढली जात नाही, आणि दोष दारूगोळ्याला दिला जातो. उजवा स्क्रू काढताच पिस्तूल नीट चालू लागलेले मी स्वतः पाहिले आहे.

आणि बॅटरी साइटच्या पोटाखालून बदलायची असेल तर प्रत्येक बदलाला माउंट सुटते. मग पुन्हा टॉर्क, पुन्हा झिरोची खात्री. वरून किंवा बाजूने बॅटरी घेणारी साइट मी केवळ या एका कारणासाठी पसंत करते.

माझ्या पिस्तुलावर आता पोलादी प्लेट आहे, मार्किंग ब्लू (कुठे टेकते ते दाखवणारा निळा रंग) लावून चारही कोपरे टेकलेले पाहून घेतलेली. स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची बारीक रेघ ओढली आहे. प्रत्येक सरावाआधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ती रेघ जुळते का पाहते. दोन मोसम झाले, क्लिकला हात लावलेला नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे शेवटी लिहिले आहे. त्यात कृपया दोन गोष्टी छापाव्यात: कोणत्या विभागात साइट कुठे बसवता येते याची चौकट, आणि स्लाइड, प्लेट व साइट यांची उभ्या छेदाची आकृती, धक्का कोण झेलतो आणि पकड कोण देतो हे दाखवणारी. आकृती मी मापांसह काढून देईन. पहिल्या भागातल्या एअर पिस्तुलाच्या छायाचित्राबद्दल मात्र खुलासा त्याआधीच यावा, कारण मोसमाच्या तोंडावर खरेदी सुरू झालेली असते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक स्पर्धक नेमबाज